शीट रोलमध्ये न लिहिलेले ९८ दिवस

आबांचा पहिला अर्ज १९९६ चा. कुणा वकिलाच्या कारकुनाकडून इंग्रजीत टाइप करून घेतलेला. मागणी एकच: १९७१ च्या लढाईत मी पूर्वेला होतो, मला पूर्वी स्टार मिळावा. उत्तर एका ओळीचं आलं. अभिलेखानुसार आपण या पदकास पात्र नाही. २०११ मध्ये त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. २०२१ मध्ये विजयाला पन्नास वर्षं झाली म्हणून जागोजागी सत्कार सुरू झाले, तेव्हा तिसऱ्यांदा लिहिलं. उत्तराची भाषा तीच, फक्त खालची सही बदललेली.

माझ्याकडे हे कागद २०२२ च्या मे महिन्यात आले. मी फौजेत क्लार्क होतो, हवालदार म्हणून पेन्शनीत आलो, आणि आता माजी सैनिकांचे नि वीरपत्नींचे अर्ज लिहून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. आबांची कोर कुठली, युनिट कुठलं, रेकॉर्ड ऑफिस कुठल्या गावात, हे इथे मुद्दाम लिहीत नाही. असं प्रकरण कुठल्याही ऑफिसात निघू शकतं, आणि ज्या क्लार्कच्या हातून ही चूक झाली तोही माझ्याच बिरादरीतला.

आबा साताऱ्याकडचे. १९६५ ला भरती, ड्रायव्हर. पंधरा वर्षं भरली तेव्हा, १९८० साली, नायक म्हणून घरी आले. मग मुंबईत बेस्टची बस निवृत्तीपर्यंत चालवली. राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत. चाळींच्या पुनर्विकासात त्यांच्या इमारतीची पाळी आली, संक्रमण शिबिरात जायचं ठरलं, आणि खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरची काळी ट्रंक खाली उतरली. वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. सून म्हणाली, आता ही ट्रंक उघडा नाहीतर भंगारात द्या. आबांनी ती उघडली आणि त्यातली कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले.

आधी पदकांबद्दल थोडं, कारण चाळीत सगळ्यांचा समज झाला होता की आबांना सरकारकडून मोठी रक्कम मिळणार आहे. परमवीर चक्र, वीर चक्र ही शौर्यपदकं. त्यांना वरिष्ठांची शिफारस लागते, आणि महाराष्ट्र सरकार त्यांच्या मानकऱ्यांना रोख रक्कम देतं. पूर्वी स्टार त्यातलं नाही. १९७१ च्या लढाईसाठी तीन पदकं निघाली. पूर्वेच्या रणक्षेत्रातल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेच्या रणक्षेत्रातल्यांना पश्चिमी स्टार, आणि तिसरं संग्राम मेडल, जे त्या काळात वर्दीत असलेल्या बहुतेकांच्या छातीवर दिसतं. आबांकडे संग्राम मेडल होतं. स्टार हे हजेरीचं पदक आहे: ठरलेल्या काळात तुम्ही ठरलेल्या क्षेत्रात होता की नव्हता, एवढाच प्रश्न. पैसा शून्य. आबांना हे पक्कं ठाऊक होतं. शेजाऱ्यांना पटत नव्हतं.

आबांचं मूळ युनिट त्या हिवाळ्यात मध्य भारतातल्या एका छावणीत होतं. रेकॉर्डच्या दृष्टीने आबाही तिथेच होते. आबा सांगत होते ते असं. नोव्हेंबर संपता संपता सहा ड्रायव्हर आणि सहा शक्तिमान गाड्या, म्हणजे फौजी ट्रक, दुसऱ्या एका युनिटच्या मदतीला पाठवायचा सिग्नल आला. गाड्या रेल्वेवर चढवल्या, पूर्वेला उतरवल्या. मग सरहद्दीपलीकडे. पाकिस्तानी फौज माघार घेताना पूल उडवत होती, त्यामुळे पूर्वेची ती लढाई बरीचशी पुलांचीच झाली. आबांच्या गाडीत बेली ब्रिजचे, म्हणजे जागेवर जोडून उभारायच्या लोखंडी पुलाचे, पॅनल असायचे. दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन अडीचशे किलोच्या वर, उचलायला सहा माणसं. डिसेंबरमध्ये एका रात्री पॅनल उतरवताना आबांच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक त्याखाली सापडलं. नख पुढे कधी नीट आलं नाही.

"बाबूजी, मी तिथं होतो. हे बोट बघा की," आबा म्हणाले.

"आबा, मला दाखवू नका. मला पटलंय."

अडचण कुठे होती ते फौजेबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. जवानाच्या आयुष्यात जे जे होतं, भरती, लग्न, मूल, वार्षिक रजा, बढती, बदली, शिक्षा, ते सगळं युनिटचा क्लार्क पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतो. तो ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जातो, आणि त्यावरून जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदपत्रात, एक ओळ चढते. पन्नास वर्षांनी कुणी पदक मागितलं, की तिथला क्लार्क शीट रोल उघडतो आणि ती ओळ शोधतो. ओळ सापडली तर माणूस पात्र. नाही सापडली तर तो क्लार्क "पात्र नाही" एवढंच लिहू शकतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

म्हणजे आबांना आलेली तिन्ही उत्तरं खोटी नव्हती. चूक मागणीत होती. आबा पंचवीस वर्षं पदक मागत होते, आणि पदक देणं न देणं शीट रोलवर अवलंबून होतं. मागायला हवी होती ती नोंद. अटॅचमेंटचा, म्हणजे दुसऱ्या युनिटशी तात्पुरतं जोडल्याचा, पार्ट टू ऑर्डर त्या वेळी निघाला नाही, तो आता काढा, ही मागणी त्यांनी एकदाही केली नव्हती. ती केली असती तर ऑफिसला नुसतं "नाही" म्हणून सुटता आलं नसतं. "का नाही" ते लिहावं लागलं असतं.

ट्रंकेतून काय काय निघालं ते आम्ही दोन दिवस वेगळं करत होतो.

डिस्चार्ज बुक निघालं. पदकांच्या पानावर संग्राम मेडल. आधार कार्डाशी ताडून पाहिलं तर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका 'ए'चा फरक. हा फरक आधीच प्रतिज्ञापत्राने मिटवून ठेवला, कारण अशा एका अक्षरावर फाइल चार महिने झोपलेली मी पाहिली आहे.

एक फोटो निघाला. नदीकाठी चार जण, मागे अर्धवट पूल. आबांना वाटत होतं की हाच हुकमाचा एक्का. पण फोटोवर तारीख नाही, जागा नाही, स्टुडिओचा शिक्का नाही. नदी पुण्याजवळची मुळाही असू शकते असं मी म्हटल्यावर ते दिवसभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

एक खिशात मावणारी वही निघाली. ड्रायव्हर लोकांना सवय असते, रोजचे किलोमीटर आणि डिझेल मांडून ठेवायची. २८ नोव्हेंबर १९७१ ला "गाडी लोड", आणि ४ मार्च १९७२ ला "वापस युनिट". मोजले तर दोन्ही धरून ९८ दिवस, १९७२ लीप वर्ष होतं. वही आबांच्याच हातची, म्हणून पुरावा म्हणून कच्ची. पण तिच्यामुळे आमच्या हातात तारखा आल्या. तोवर आबा "थंडीत गेलो, होळीच्या आसपास आलो" असंच सांगत होते.

आणि एक पाकीट. काकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, गावाहून धाडलेलं, शाळेतल्या मास्तरांच्या अक्षरातलं. पत्त्यात आबांचा नंबर, रँक, नाव, पण युनिट दुसरंच, आणि शेवटी ९९ एपीओ, म्हणजे फौजी डाकघराचा नंबर. फौजी घरांना हे वेगळं सांगायला नको: ५६ एपीओ म्हणजे दिल्लीहून वाटली जाणारी डाक, ९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडची, कलकत्त्यामार्गे जाणारी. पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट होतं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून डाकेवर बसवलेला तो अधिभार. काकू इतका वेळ गप्प बसून डाळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "पाच पैसे जास्ती लागायचे तेव्हा. आन् ह्यांचा पत्ता बदलला म्हनून मास्तरांकडनं दोनदा लिहून घेतलावता मी." त्या घरातला सगळ्यात भरवशाचा साक्षीदार तोवर स्वयंपाकघरात होता, आणि पंचवीस वर्षांत कुणी त्यांना विचारलं नव्हतं. मीही नाही, हे कबूल करतो.

तरी ९९ एपीओने रणक्षेत्र सिद्ध होत नाही. त्यात आसामपासून सगळा पूर्व भाग येतो. पाकिटाने एवढंच दिसलं की आबा त्या हिवाळ्यात मूळ युनिटच्या छावणीत नव्हते.

जुलैत माहितीच्या अधिकारात अर्ज केला, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. त्यात पदकाचा उल्लेखसुद्धा नाही. तीन गोष्टी मागितल्या: शीट रोलची साक्षांकित प्रत, सप्टेंबर १९७१ ते जून १९७२ या काळात आबांच्या नावे निघालेल्या पार्ट टू ऑर्डरची यादी, आणि त्यांच्या मेडिकल डॉक्युमेंटच्या सगळ्या पानांच्या प्रती. माहिती स्वतःची असल्याने खासगीपणाचं कलम आड येत नाही, हेही अर्जातच लिहिलं. तीस दिवसांच्या आत शीट रोल आला. ऑगस्ट १९७१ मध्ये वार्षिक रजा, त्याखाली थेट एप्रिल १९७२ मधली नोंद. मधे काहीच नाही. यादीतही काही नाही. मेडिकलच्या प्रतींबद्दल उत्तरात चकार शब्द नव्हता, म्हणून पहिलं अपील केलं. ऑक्टोबरमध्ये एक जाड पाकीट आलं.

त्यात सतरावं पान होतं आयएएफवाय-२००६. अपघाती दुखापतीचा फौजी फॉर्म. आबांचा नंबर, रँक, नाव. डाव्या अनामिकेचं टोक चिरडलं, बेली पॅनल उतरवताना. तारीख ११ डिसेंबर १९७१. जागेच्या रकान्यात नुसतं "फील्ड". सही नि शिक्का मात्र मूळ युनिटचा नाही, ज्यांच्या मदतीला गाड्या गेल्या त्या युनिटच्या अधिकाऱ्याचा.

हा कागद पन्नास वर्षं त्याच ऑफिसात पडून होता, जिथून "पात्र नाही" अशी तीन पत्रं आली. शीट रोल एका फाइलमध्ये, मेडिकल दुसऱ्या फाइलमध्ये. पदकाच्या अर्जावर मेडिकल फाइल उघडायचं कुणाला सुचण्याचं कारणच नव्हतं.

जागेच्या रकान्यात गावाचं नाव नाही म्हणून आबा हिरमुसले. मला त्याची काळजी नव्हती. दुसऱ्या युनिटच्या जवानांना त्या लढाईसाठी पूर्वी स्टार मिळालेलाच होता. ते युनिट रणक्षेत्रात होतं का, हा वाद कधीच मिटलेला. आपल्याला एवढंच दाखवायचं होतं की ११ डिसेंबरला आबा त्या युनिटबरोबर होते. आणि लढाई संपली १६ तारखेला.

इथेच आमचं पहिलं भांडण झालं. फॉर्म हातात आल्यावर आबांच्या डोक्यात नवीन विचार शिरला: बोट लढाईत गेलं, तर जखमींचं पदक, पराक्रम पदक, तेही मागू. त्या रात्री तोफांचा आवाज येत होता म्हणूनच एवढी घाई होती, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. ते पदक शत्रूच्या थेट कारवाईत झालेल्या जखमेसाठी आहे. आपल्याच माणसांच्या हातून निसटलेलं पॅनल त्यात बसत नाही, आणि फॉर्मवर "अपघाती" असा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. शिवाय त्याच फॉर्मवर आपण स्टार मागणार. तो फॉर्म एका ठिकाणी खरा आणि दुसऱ्या ठिकाणी चुकीचा, असं एकाच अर्जात कसं म्हणायचं? आबा तीन आठवडे आले नाहीत. मग सुनेबरोबर आले आणि म्हणाले, "लिव्हा तुमच्या मनासारखं."

साक्षीदाराचाही एक घोळ झाला. सहा ड्रायव्हरांपैकी एक जण कोरेगाव तालुक्यात हयात आहे असं कळलं. फोनवर दोघे अर्धा तास बोलले, दोघे रडले. पण त्या गृहस्थांना ठाम आठवत होतं की गाड्या जानेवारीत पलीकडे गेल्या. जानेवारी म्हणजे शरणागतीनंतर. आबा म्हणाले, प्रतिज्ञापत्रात डिसेंबर घालू, तो सही करेल. नक्की केली असती. मी ते प्रतिज्ञापत्र केलंच नाही. एका माणसाने आठवत नसलेली तारीख शपथेवर लिहायची, आणि कुणी उलट विचारलं तर ७५ वर्षांच्या त्या माणसाने काय सांगायचं?

सुनेचा प्रश्न वेगळा होता. ती बँकेत आहे, हिशेबी बोलते. "काका, आता एवढा कागद हातात आहे तर सरळ सशस्त्र दल न्यायाधिकरणात का जात नाही? मुंबईत खंडपीठ आहे ना?" आहे. पण तिथे मुदतीचा प्रश्न पहिला येतो. २००७ च्या कायद्यात अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे, उशीर माफ करून घ्यावा लागतो. पेन्शनची गोष्ट वेगळी. कमी पेन्शन दर महिन्याला मिळते म्हणून दर महिन्याला नवा अन्याय धरता येतो. तरसेम सिंग प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि थकबाकी तेवढी मर्यादित केली. पदक दर महिन्याला नाकारलं जात नाही. पहिला नकार १९९६ चा, आणि नुसते पुन्हा पुन्हा अर्ज केल्याने मुदत नव्याने सुरू होत नाही. आधी नोंद दुरुस्तीचा वेगळा अर्ज करायचा, त्यावर कारणांसह निर्णय घ्यायचा, आणि तो विरुद्ध गेला तर त्या ताज्या निर्णयावर न्यायाधिकरणाकडे जायचं. तरी समोरची बाजू मुदतीचा मुद्दा काढणारच, हेही तिला सांगून ठेवलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अर्ज गेला. एक पान. आबांना सरहद्द, नदी, रात्र, तोफा हे सगळं त्यात हवं होतं. मी एकही वाक्य घेतलं नाही. अर्जाचा मजकूर साधारण असा होता: माझ्या मेडिकल डॉक्युमेंटमधल्या सोबतच्या फॉर्मवरून दिसतं की ११ डिसेंबर १९७१ ला मी अमुक युनिटशी अटॅच होतो. या अटॅचमेंटचा पार्ट टू ऑर्डर निघाल्याचं तुमच्याच यादीत दिसत नाही. तो उशिराने काढून शीट रोल दुरुस्त करावा, आणि दुरुस्त शीट रोलवरून १९७१ च्या पदकांची माझी पात्रता पुन्हा तपासावी. ते शक्य नसल्यास कारणं लेखी कळवावीत. सोबत फॉर्म, यादी, पाकिटाची प्रत, वहीची दोन पानं, स्पेलिंगचं प्रतिज्ञापत्र.

फेब्रुवारीत उत्तर आलं, आणि पहिल्यांदाच त्यात "पात्र नाही" नव्हतं. मूळ युनिट सत्तरच्या दशकाच्या शेवटी विसर्जित झालं आहे, त्यामुळे ऑर्डर काढायला युनिट नाही. दुसऱ्या युनिटकडून दुजोरा मिळाल्यास विचार करू. आबांना हा नकार वाटला. मला वाटलं, दार उघडलं. दुसरं युनिट आजही आहे. त्याच्या अ‍ॅडज्युटंटला, म्हणजे युनिटचं कार्यालयीन काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, पत्र लिहिलं, पाठोपाठ दोन स्मरणपत्रं. जूनमध्ये एका तरुण अधिकाऱ्याचं पत्र आलं. युनिटच्या डायजेस्ट ऑफ सर्व्हिसमध्ये, म्हणजे युनिट स्वतःचा इतिहास लिहून ठेवतं त्या दस्तात, डिसेंबर १९७१ च्या पानावर सहा गाड्या आणि सहा ड्रायव्हर जोडून मिळाल्याची नोंद आहे. नावं नाहीत. मूळ युनिटचा नंबर आहे.

नावं नसली तरी अडलं नाही. डायजेस्टमध्ये कुठल्या युनिटचे ड्रायव्हर ते होतं, फॉर्मवर त्यातल्या एकाचं नाव होतं. दोन्ही कागद एकत्र जोडून पाठवले. पत्राच्या खाली त्या अधिकाऱ्याने पेनने दोन ओळी लिहिल्या होत्या, की सरांना आमच्या युनिटकडून नमस्कार सांगा, कधी आलात तर मेसमध्ये जेवायला या. आबांनी पत्र तीनदा वाचून घेतलं. "सर म्हनतोय मला," एवढंच बोलले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पार्ट टू ऑर्डर निघाला. त्यात ९८ दिवस नाहीत. वही ऑफिसने मानली नाही, आणि ते बरोबरच केलं. फॉर्मची ११ डिसेंबर ही एकच तारीख कागदावर पक्की, म्हणून नोंदीत तेवढीच आली. स्टारच्या पात्रतेला ती पुरली. मार्च २०२४ मध्ये पात्रतेचं पत्र संक्रमण शिबिराच्या पत्त्यावर आलं.

उरलेल्या ९७ दिवसांसाठी आबांना अजून एक अर्ज हवा होता. आपण काही तिथे एक दिवसाची सहल करून आलो नाही, असं त्यांचं म्हणणं. मी टाळत आलो आहे. बाकीच्या दिवसांचा कागद आता कुठे निघेल असं मला वाटत नाही.

स्टार अजून हातात आलेला नाही. बाजारात टेलर कॉपी, म्हणजे दुकानात बनवलेली नक्कल, मिळते, पुष्कळ जवान तीच लावतात, आणि सून एक घेऊनही आली होती. आबांनी ती ट्रंकेत ठेवून दिली. त्यांना स्वतःचा नंबर नि नाव कोरलेलाच हवा आहे. मागच्या महिन्यात मी फोन करून विचारलं. स्टॉक आल्यावर पाठवू, असं उत्तर आहे.